परमिट रूम, परमिट राज आणि निफाडचा लाल कांदा

नाशिकहून सिन्नरकडे निघालं की ढाब्यांच्या रांगेत मधूनमधून एक पाटी हमखास दिसते : 'परमिट रूम'. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात खरोखर परमिट असतं, ते विचारू नये. पण पाटी खोटी नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. म्हणजे कायद्याच्या लेखी मूळ स्थिती बंदीची. तुम्ही पिताय ती सरकारने तुम्हाला दिलेली सूट.

आता दारूच्या जागी सिमेंट ठेवा, स्कूटर ठेवा, परदेशातून आणायचं यंत्र ठेवा. मूळ स्थिती बंदीची, आणि ज्याच्या हातात कागद त्याला सूट. आपल्या देशाचा बराचसा कारभार चाळीसेक वर्षं असा चालला. त्याला 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हे नाव दिलं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी, म्हणजे राजाजींनी. गंमत अशी की राजाजी स्वतः कट्टर दारूबंदीवाले. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती. तेव्हा परमिट रूमच्या पाटीवरून त्यांची गोष्ट सुरू केलेली त्यांना अजिबात आवडली नसती.

हे सगळं लिहायला बसलो ते माझ्या मेहुण्यामुळे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा हुकूम निघाला आणि टीव्हीवर 'लायसन्स राज परत आलं' अशी ओरड झाली. त्याच महिन्यात कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. डिसेंबरच्या ८ तारखेला तर निर्यातच बंद. मेहुणा निफाड तालुक्यातला. लाल कांदा काढून अंगणात पडलेला, मजुरी देऊन झालेली, ट्रॉली भरायची बाकी. त्याने फोन केला : "दाजी, ते टीव्हीवाले लायसन्स राज लायसन्स राज म्हणतात, ते नेमकं काय होतं? आणि त्याच्यात माझा कांदा कुठं बसतो?"

त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

राजाजी 'उजवे' कसे?

आज 'उजवा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धर्माचं राजकारण येतं. ते क्षणभर बाजूला ठेवा. इथे उजवा म्हणजे अर्थकारणातला उजवा : माणसाची मालमत्ता, धंदा आणि पीक यांत सरकारने कमीत कमी हात घालावा, आणि जुनी घडी मोडण्याआधी दहादा विचार करावा, असं मानणारा.

राजाजी गांधीजींचे व्याही. स्वतंत्र भारताचे पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल. १९५४ मध्ये पहिल्याच वर्षी भारतरत्न मिळालेल्या तिघांपैकी एक. अशा माणसाने ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर, १९५९ मध्ये, नेहरूंच्या काँग्रेसविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला. सोबतीला मिनू मसानी आणि शेतकरी नेते एन. जी. रंगा. पक्षाला १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये ४४, आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९७१ च्या इंदिरा लाटेत ८ वर आला. राजाजी १९७२ च्या डिसेंबरात गेले आणि १९७४ मध्ये पक्ष उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते चरणसिंग यांच्या लोकदलात विरघळला. पंधरा वर्षांचा सगळा खेळ.

आपल्या नाशकात या पक्षाचा आवाज फारसा पोचलाच नाही. १९६३ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत तर विरोधी उमेदवारच नव्हता. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिलं. ते दिवसच वेगळे होते. पण त्यामुळे झालं काय, की नेहरूंच्या धोरणावर उजवीकडून टीका कशी होते हे आपल्या आजोबांच्या पिढीने जवळून ऐकलंच नाही.

एका मिसळवाल्याची कल्पना करा

१९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा समजून घ्यायला नाशकात मिसळीपेक्षा चांगलं साधन नाही. खरं तर तो कायदा कारखान्यांना लागू होता, हॉटेलांना नाही. पण समजा, लागू असता.

तुमची मिसळ चांगली आहे. रविवारी बाहेर रांग लागते. तुम्हाला आणखी दहा टेबलं टाकायची आहेत. त्यासाठी अर्ज दिल्लीला. तिथे एक समिती बसणार : देशाला एकूण किती मिसळीची गरज आहे? नाशिकचा कोटा भरला का? मटकी पुरेल का? चुलीसाठी परदेशी बर्नर हवा असेल तर आयातीचा परवाना वेगळा. दीड वर्षाने उत्तर आलं तर नशीब. दरम्यान तुमच्या लायसन्सवर रोज २०० प्लेटा लिहिल्या असतील आणि तुम्ही गर्दी बघून २५० विकल्या, तर शाबासकी मिळायची नाही, नोटीस मिळेल.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले काका प्रत्येक घरात आहेत. राजाजींचा खरा मुद्दा याच्या पुढचा होता. त्या गल्लीत एक मोठा हॉटेलवाला आहे. त्याचा माणूस दिल्लीतच मुक्कामाला असतो. तो आधीच हजार प्लेटांचं लायसन्स काढून ठेवतो. हजार प्लेटा विकायचा त्याचा विचारच नाही. कोटा भरलेला दिसला की तुमचा अर्ज आपोआप फेटाळला जाणार, एवढंच त्याला हवंय. म्हणजे श्रीमंतांना आवर घालायला काढलेल्या परवान्याने श्रीमंताच्याच दुकानाला कुंपण घातलं.

ही नुसती विरोधकांची कुरकुर नव्हती. सरकारने स्वतः नेमलेल्या दत्त समितीने १९६९ मध्ये हेच सांगितलं, की मोठ्या घराण्यांनी परवाने अडवून ठेवले आहेत. दुखणं दोघांनाही दिसत होतं. डाव्यांनी त्यावर आणखी नियंत्रणं सुचवली, राजाजी म्हणत होते परवानाच काढून टाका. तो रद्द झाला २४ जुलै १९९१ ला. नरसिंह राव सरकारने १८ उद्योग वगळता बाकी सगळ्यांचं लायसन्स रद्द केलं. राजाजींना जाऊन तेव्हा जवळजवळ एकोणीस वर्षं झाली होती.

वरणात पाणी, आणि नाशिकरोडचा छापखाना

राजाजींचा दुसरा आक्षेप होता 'तुटीच्या अर्थभरण्या'वर. शब्द जड आहे, एकदाच समजून घेऊ. सरकारचा खर्च कर आणि कर्ज यांतून भागत नाही, तेव्हा उरलेला खड्डा नव्याने निर्माण केलेल्या पैशाने बुजवायचा, याला म्हणतात तुटीचा अर्थभरणा.

पंगतीत पानं वाढली आणि वरण तेवढंच असलं की आचारी काय करतो? पाणी ओततो. प्रत्येकाच्या वाटीत वरण पडतं, पण त्यातली डाळ पातळ होते. पाणी ओतताना कुणाच्या वाटीतून काही काढून घेतलेलं दिसत नाही, म्हणून कुणी भांडतही नाही. महागाईचं तसंच असतं. तो न सांगता लावलेला कर आहे आणि सगळ्यांत जास्त भरतो तो, ज्याच्याकडे फक्त रोख मजुरी आहे. ज्याच्याकडे जमीन किंवा सोनं आहे, त्याची वस्तूही महागते, तो तरतो.

१९५६ ते ६१ ची दुसरी पंचवार्षिक योजना सार्वजनिक क्षेत्रात ४,८०० कोटींची होती. त्यातले १,२०० कोटी असे तुटीतून उभे करायचे ठरले. चारातला एक रुपया पाण्याचा! योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय या एकट्या माणसाने १९५५ मध्ये लेखी विरोध नोंदवला. पुढे स्वतंत्र पक्ष जे बोलत राहिला, ते बरंचसं याच टिपणाच्या वाटेने गेलं.

आता आपल्या गावचा एक गैरसमज. नाशिकरोडला नोटांचा छापखाना १९२८ पासून आहे. लहानपणी आमच्या गल्लीत एक सिद्धान्त पक्का होता : प्रेसला ओव्हरटाइम लागला की महागाई वाढते. तसं नसतं. छापखाना मागणीप्रमाणे नोटा छापतो. त्यात जुन्या, फाटक्या नोटांच्या जागी द्यायच्या नोटाही असतात. पाणी ओतलं जातं ते त्याआधी, कागदावर. सरकार रिझर्व्ह बँकेला अल्प मुदतीची हुंडी द्यायचं आणि बँक सरकारच्या खात्यात तेवढी रक्कम जमा करायची. ही सोय १९९७ मध्ये बंद झाली. तेव्हा दोष प्रेसच्या कामगाराचा नाही. तो बिचारा फक्त वाट्या पुरवत होता.

शेत एकत्र करा, म्हणजे काय?

स्वतंत्र पक्ष जन्माला यायचं तात्कालिक कारण मात्र शेतीचंच होतं. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. बांध मोडून जमिनी एकत्र कसायच्या, मालकी कागदावर राहील, उत्पन्न वाटून घ्यायचं. राजाजी, रंगा आणि काँग्रेसमध्येच असलेले चरणसिंग या तिघांनीही विरोध केला.

महाराष्ट्रातला वाचक इथे अडखळतो. सहकाराला विरोध? आपल्याकडे तर साखर कारखाना, पतपेढी, दूधसंघ सगळं सहकारी. पण विरोध त्याला नव्हता. खत, कर्ज, विक्री यांसाठी शेतकऱ्यांनी एकत्र येणं वेगळं आणि नांगर कुठे धरायचा हे समितीने ठरवणं वेगळं. बांधावरून सख्ख्या भावांची कोर्टात तारीख चालू असते अशा मुलखात ती योजना किती चालली असती, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ती चाललीही नाही.

मेहुण्याचा प्रश्न : यात कांदा कुठं बसतो?

निफाड-दिंडोरीच्या एकाच शिवारात दोन पिकं शेजारी शेजारी उभी असतात, आणि दोन्ही जहाजाने परदेशी जातात : द्राक्ष आणि कांदा. त्यांचं नशीब मात्र सारखं नाही.

युरोपला द्राक्ष पाठवायची तर कटकट कमी नाही. बागेची नोंदणी, औषध-फवारणीचा हिशेब, प्रयोगशाळेत अवशेषांची तपासणी. २०१० मध्ये सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपात माल अडकला आणि बागायतदार हबकले. पण अट काय आहे ते आता आधी माहीत असतं, सगळ्यांना सारखं असतं, आणि ती पाळली तर माल जातो. हा झाला नियम.

कांद्याचं तसं नाही. दिल्लीत भाव चढला की शुल्क, किमान निर्यातमूल्य, साठ्यावर मर्यादा, शेवटी बंदी. कधी आणि किती, हे अधिसूचना निघेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. डिसेंबरात निघालेला लाल कांदा तर ठेवताही येत नाही. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल काही आठवड्यांत सडायला लागतो. त्यामुळे ८ डिसेंबरची बंदी मेहुण्याला 'थांब' असं म्हणत नव्हती. 'येईल त्या भावाला दे' असं म्हणत होती. त्या आठवड्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले.

राजाजींच्या भाषेत सांगायचं तर द्राक्षाला कायदा आहे आणि कांद्याला परमिट. कांदा विकणं हा शेतकऱ्याचा हक्क न राहता, दिल्लीची मर्जी असेपर्यंतची सूट झाली.

यातून पुढचा मुद्दा निघतो, तो आपल्याकडे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सगळ्यांत ठसठशीत मांडला. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन झालं. खेरवाडीला रेल्वेच्या रुळांवर शेतकरी उतरले, गोळीबारात दोघे गेले. जोशी सांगत : शेतकऱ्याला खतावर, विजेवर जे मिळतं ते एका तागडीत टाका, आणि निर्यातबंदी, आयात, साठेबंदी यांनी भाव पाडून जे काढून घेतलं जातं ते दुसऱ्या तागडीत. दुसरी तागडी खाली जाते. याला त्यांनी 'उणे सबसिडी' म्हटलं. १९९४ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाच्या नावातही 'स्वतंत्र' होतं, आणि तो योगायोग नव्हता.

पण कांदा महागला तर गरिबाने काय खायचं?

रास्त प्रश्न आहे, आणि कांद्याने सरकारं पाडलेलीही आहेत. १९९८ ची दिल्ली विधानसभा आठवा. राजाजींच्या बाजूने उत्तर असं : गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाय ना, मग सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि तिजोरीतून तोटा सोसून विकावा. तो खर्च अर्थसंकल्पात दिसेल, त्यावर चर्चा होईल. बंदी घातली की तोच खर्च निफाडच्या अंगणातून वसूल होतो आणि कुठल्याच कागदावर दिसत नाही.

मला हे उत्तर पटतं. अडचण एवढीच, की सरकारसाठी कांदा घेणाऱ्या नाफेड या संस्थेची खरेदी नाशिक जिल्ह्यातही होते आणि तिच्याबद्दल शेतकरी काय बोलतात ते लासलगावच्या चहाच्या टपरीवर ऐकावं; इथे छापण्यासारखं नाही.

मग सरकारने काहीच करायचं नाही का?

हा आरोप राजाजींवर नेहमी झाला. पण देशातला पहिला सर्वसाधारण विक्रीकर आणला तो त्यांनीच, १९३९ मध्ये मद्रासला. आज आपण जीएसटी भरतो त्याचे ते पणजोबाच म्हणायचे. आणि १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनीच धान्यावरचं रेशनिंग उठवलं. दुष्काळ पडेल, दंगली होतील अशी भीती घातली गेली होती. दडवलेलं धान्य बाजारात आलं, आणि पुढे देशभर नियंत्रणं सैल झाली. कर घ्या, उघडपणे घ्या. पण माणसाने काय पिकवावं, कुठे न्यावं हे सांगू नका, अशी ती रीत.

आणि नाशिक कोणी उभं केलं?

माझ्या मते सगळ्यांत जड आक्षेप हा. ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा मिग विमानांचा कारखाना आला तो सरकारी. नाशिकरोडचे छापखाने सरकारी, एकलहऱ्याचं वीजकेंद्र सरकारी, गंगापूर धरण सरकारी, सातपूर-अंबडची एमआयडीसी सरकारी. या शहरातल्या अर्ध्या बंगल्यांचा पाया यांतल्या कुणाच्या तरी प्रॉव्हिडंट फंडावर उभा आहे. राजाजींचं ऐकलं असतं तर आज नाशिक म्हणजे घाट, वाडे आणि द्राक्षं एवढंच उरलं असतं, असं माझे एक निवृत्त शेजारी ठासून सांगतात. ते ओझरला होते.

स्वतंत्र पक्षाच्या २१ तत्त्वांत याला जागा होती. रेल्वेसारख्या राष्ट्रीय सेवा, खासगी उद्योगाला पूरक असे गरजेचे अवजड उद्योग, आणि खासगी माणसाला सुरू करणं अवघड असे उद्योग सरकारने करायला त्यांची हरकत नव्हती. तेव्हा ओझरचा कारखाना त्यात बसतो. पण एमआयडीसी? तिथे उद्योग खासगी. जमीन मात्र सरकारने शेतकऱ्यांकडून संपादन केलेली, आणि पाणी धरणाचं. मालमत्तेचा हक्क पवित्र मानला तर सातपूरच्या त्या शेतकऱ्याला नको म्हणायचा अधिकार द्यावा लागतो, आणि दिला तर कदाचित एमआयडीसीच होत नाही. राजाजींच्या विचारात मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

तसंच बाजाराचं. सरकार बाजूला झालं की शेतकरी आणि ग्राहक समोरासमोर येतात, असं चित्र रंगवलं जातं. लासलगावच्या लिलावात पहाटे ट्रॉली लावून उभं राहून बघा. एकीकडे शेकडो ट्रॅक्टर, दुसरीकडे ओळीने चालत येणारे मोजके व्यापारी. तिथे भाव कोण ठरवतं हे सांगायला लागत नाही. महाराजे आणि जमीनदार सोबत घेऊन चालणाऱ्या पक्षाला ती बाजू कमी दिसली असेल, तर आश्चर्य नाही. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी १९६२ मध्ये याच पक्षातून प्रचंड मतांनी निवडून आल्या होत्या.

डावं सरकार, उजवं सरकार, कांदा तोच

शेवटी मेहुण्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याला सगळ्यात जास्त लागली. जून २०२० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून कांदा अत्यावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या नियंत्रणातून सोडवला. युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ अशा वेळीच हात घालू, असं म्हटलं. राजाजींच्या तोंडी शोभावं असं वाक्य! १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली आणि ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा. म्हणजे सुटका पुरती एक हंगामभरही टिकली नाही. आणि हे करणारं सरकार उजवं म्हणून ओळखलं जाणारं.

आता तर राजाजींना पक्ष नोंदवणंही जड गेलं असतं. १९८९ पासून निवडणूक आयोगाकडे नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं.

२०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क मात्र लागलं. ते सप्टेंबरात निम्मं झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. मेहुण्याने कांदा सोडलेला नाही. द्राक्षबाग उभी करायला लागणारं भांडवल त्याच्याकडे नाही. पण त्याच्या मोबाईलवर हवामानाच्या ॲपशेजारी आता एक व्हॉट्सॲप ग्रुप पिन केलेला असतो. निर्यातीच्या अधिसूचना निघाल्या की त्यावर लगेच पडतात. रोप टाकायच्या आधी तो आभाळाकडे बघतो, मग ॲप बघतो, मग तो ग्रुप.